वजन बदलता येणारा पटर घ्यावा का? एका टॉवेलवालीचा वीस ग्रॅमचा हिशेब

आमच्या कारखान्यात वजनकाट्याचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल. टॉवेलचा धंदा ग्रॅमवर चालतो. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा) बाथ टॉवेल ५०६ ग्रॅम भरला पाहिजे. ५२६ भरला तर गिऱ्हाईक खूश आणि माझा नफा सुताबरोबर गेला. ४८६ भरला तर लॉट परत. म्हणून गोल्फचा पटर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून होलमध्ये घालायची काठी, दाखवताना 'वीस ग्रॅमनं पटिंग सुधारतं' असं दुकानदारानं सांगितलं तेव्हा मी हसले नाही. वीस ग्रॅम म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. फक्त काट्यावर ठेवल्याशिवाय विश्वास ठेवायची सवय नाही.

अक्कलकोट रोडवरची टॉवेलवाली गोल्फ कुठून खेळायला लागली, ते एकदाच सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला होता. धाकटी बहीण पुण्याला, तिचे यजमान सैन्यातून निवृत्त. ते म्हणाले, "ताई, घरी बसून शेक घेण्यापेक्षा माझ्याबरोबर चाला तरी." हुतात्मा एक्स्प्रेसनं गेले, दुसऱ्या दिवशी पहाटे येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर त्यांच्या मागं मागं चालले आणि तिसऱ्या खेपेला हातात काठी घेतली. अठरा होल झेपत नाहीत, नऊ खेळते. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. लांबचे फटके माझ्याच्यानं कधी लांब जायचे नाहीत, हे पहिल्याच वर्षी कळलं. उरला पटर. त्याला ताकद लागत नाही, आणि सोलापुरात राहूनही रोज सराव करता येतो.

सराव गच्चीवर. आमच्याकडं हिरवळ म्हणजे गणपतीतल्या दूर्वा. सुरुवातीला घरची सोलापुरी चादर अंथरली होती, पण चेंडू जेकार्डच्या मोरावर गेला की पिसाऱ्याला अडून डावीकडं वळायचा. मग डोक्यात आलं की आपण टॉवेलवाले आहोत. एका बाजूचे लूप कातरलेलं, आम्ही ज्याला शेअरिंगचा माल म्हणतो ते मखमली कापड, एका नापास लॉटमधून नऊ मीटर काढलं आणि फरशीवर ताणून बसवलं. हात फिरवला की त्याची लव एका बाजूला झोपते. लवेच्या दिशेनं चेंडू पळतो, उलट दिशेनं अडखळतो. उष्ण प्रदेशातल्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बर्म्युडा गवत असतं, तेही असंच वागतं. भाऊजी गवताची ही 'ग्रेन' मला वर्षभर समजावत होते. कापडावर ती पाच मिनिटांत समजली.

ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर नावाची पट्टी असते. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन खेळाडूनं १९३५ साली ती लाकडाची केली, पुढं ॲल्युमिनियमची आली. ३६ इंच लांब, एका खाचेत चेंडू ठेवायचा, टोक हळूहळू उचलायचं, साधारण वीस अंशांवर चेंडू आपला आपण सुटतो. जमिनीवर किती फूट गेला, तो वेग. दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढायची. मी खिडक्यावाल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याची केली. माझी गच्ची लवेच्या बाजूनं साडेआठ फूट भरते, उलट बाजूनं सहा. मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा सकाळी साडेसहानंतर तिथं पाय ठेवत नाही. पण वर्षातले दहा महिने हे माझं खासगी ग्रीन आहे.

आता पटर. आधी भाऊजींचा जुना वापरत होते, ३५ इंची. माझी उंची पाच फूट एक इंच. त्याची मूठ माझ्या पोटात टोचायची. गेल्या वर्षी पुण्याच्या एका दुकानातून नवा घेतला. ब्लेड (पातळ, अरुंद डोक्याचा), ३४ इंची, डोक्याच्या तळाला दोन स्क्रू, एक टाचेकडं म्हणजे दांडीच्या बाजूला, एक टोकाकडं, आणि सोबत डबीत वजनांच्या तीन जोड्या: १०, १५ आणि २० ग्रॅमच्या. साडेएकतीस हजार रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका नगावरून आख्ख्या लॉटला नावं ठेवू नका असं मी गिऱ्हाइकांना सांगते, तर मलाही ते पाळायला हवं.

घरी आल्या आल्या डबी कारखान्यात नेली. जीएसएमचा तुकडा मोजायचा आमचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. वीसची जोडी चोख: २०.०३ आणि १९.९७. दहाचीही ठीक. पंधराच्या जोडीत मात्र एक १५.१० आणि दुसरं १४.२२. साडेएकतीस हजारांच्या वस्तूत पाऊण ग्रॅमची चोरी! खेळताना ते हाताला कळत नाही, हे मान्य. पण माझ्या टॉवेलात एवढा फरक निघाला असता तर खरेदीदारानं फोनवर अर्धा तास ऐकवलं असतं.

टेबलाशी आमचे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, अण्णा उभे होते. अण्णा आमच्याकडं सत्तावीस वर्षं आहेत. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि मागाशी बोलायची त्यांची तिसरीच भाषा आहे. त्यांनी वजन उचलून बघितलं आणि विचारलं, "अक्का, हे बीमला लावायचं का?"

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. जुन्या यंत्रमागावर ताण्याच्या बीमला, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाला, साखळी गुंडाळलेली असते, साखळी दांडीला, आणि दांडीवर लोखंडी वजन. बीम भरलेला असतो तेव्हा वजन दांडीच्या बाहेरच्या टोकाला. कापड विणत जाईल तसा बीम बारीक होतो, ताण वाढायला लागतो, मग वजन खाच-खाच आत सरकवत आणायचं. नाही सरकवलं तर धागे तुटतात. अण्णा आयुष्यभर हेच करत आलेत. "खेळताना काय बारीक होतं म्हणून वजन बदलायचं?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. चार महिन्यांनी सापडलं, ते पुढं सांगते.

ही वजनं टाचेला आणि टोकालाच का, मधोमध का नाही, तर त्याचं श्रेय कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरला जातं. हा गृहस्थ जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होता, पटिंग वाईट म्हणून वैतागला आणि १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये स्वतःचा पटर बनवला. चेंडूला लागल्यावर आवाज यायचा 'पिंग', तेच पुढं कंपनीचं नाव झालं. १९६६ चा त्याचा 'आन्सर' आजही नकलला जातो. माझा ब्लेडही त्याच घराण्यातला. कल्पना सोपी: वजन दोन टोकांना गेलं की चेंडू मध्यभागी न लागताही पटरचं तोंड (चेंडूला लागणारी बाजू) कमी फिरतं. केंद्रापासून अंतर दुप्पट झालं की फिरण्याला विरोध चौपट होतो. 

सहा आठवडे मी लूमचं रजिस्टर ठेवते तसं रजिस्टर ठेवलं. दर सकाळी एक जोडी, छोटे पट (पटरचे फटके) सव्वा मीटरचे, लांबचे सात मीटरचे. कुठल्या दिवशी कुठली जोडी ते धाकट्यानं ठरवायचं, कारण मी ठरवलं तर मी नव्या वजनाचं कौतुक करणार. तो वालचंदला इंजिनिअरिंग करतो, त्याला आईवर प्रयोग करायला आवडतात. दहाचं आणि वीसचं वजन हाताला ओळखू येतं, हे खरं. वीस लावलं की मागं जाताना पटर जड पाळण्यासारखा सावकाश जातो, मनगट मधे लुडबुड करत नाही. पण पंधरा की वीस, हे डोळे मिटून विचारलं तर माझं उत्तर छापा-काटा. आणि रजिस्टरमध्ये? छोट्या पटला वीसचं वजन पन्नासात दोन-चारनं पुढं. लांबच्या पटला काहीच नाही.

लांबच्या पटचं धाकट्यानं कागदावर करून दाखवलं. पटरचं डोकं दहाच्या जोडीसह ३४० ग्रॅम, वीसच्या जोडीसह ३६०. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो. हात त्याच वेगानं फिरला, तर वीस ग्रॅम वाढवून चेंडूचा वेग वाढतो एका टक्क्याहून कमी. अंतर वाढतं साधारण १.३ टक्के. सात मीटरच्या पटला नऊ सेंटिमीटर. होलचं तोंड १०८ मिलिमीटर रुंद असतं. जपमाळेचे मणी तेवढे मिलिमीटर, म्हणून मला तो आकडा कधी विसरायला होत नाही. म्हणजे सगळा वजनबदल होलच्या तोंडाइतकाही नाही. माझे सात मीटरचे पट तर दीड-दोन मीटर मागं-पुढं राहतात! 'संथ ग्रीनला जड वजन लावा, चेंडू पोचेल' असं कुणी सांगितलं तर हा हिशेब त्याला दाखवा. वजनाचा उपयोग चेंडूवर होत नाही, झाला तर हातावर होतो.

इथवर मी निकाल लिहून टाकला होता: पैसे वाया. मग दिवाळीनंतर कंबर धरली आणि भाऊजींनी मला खेळताना बाजूनं बघितलं. म्हणाले, "ताई, तुम्ही कोपर शेजारणीला ढकलल्यासारखं बाहेर काढता. पटर तुम्हाला अजूनही लांब आहे." ३४ इंचसुद्धा. दुकानातल्या मांडणीत बहुतेक पटर ३४ किंवा ३५ इंचीच होते, आणि विकणाऱ्यानं माझी उंची विचारली नव्हती. मीही मोजली नव्हती, जी टॉवेल सेंटिमीटरवर कापते ती मी!

अण्णांनी मूठ उतरवली, करवतीनं दीड इंच उडवला, नवी मूठ बसवली. मुठीचे नऊशे रुपये, अण्णांचे चहाचे दहा. कमरेत वाकणं बरोबर आलं, डोळे चेंडूच्या बरोबर वर आले, आणि सव्वा मीटरचे पट असे पडायला लागले की गच्चीवर कबुतरांनी बघत बसावं. पण एक गडबड झाली. दहाची जोडी लावली होती, आणि पटर एकदम काडेपेटीतल्या काडीसारखा वाटायला लागला. डोकं तेच, पण दांडी आखूड झाली की तेच वजन हाताला हलकं लागतं. वीसची जोडी लावली. जुना पटर हातात परत आला.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर हे. बीम बारीक झाला होता. दांडी कापली, म्हणून वजन सरकवायचं. काही न बदलता वजन बदलत बसलं तर धागेच तुटणार. नंतर वाचलं तेव्हा कळलं, नामवंत बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. स्कॉटी कॅमेरॉनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ३५ इंचीला दहा-दहा ग्रॅमची वजनं येतात, ३४ ला पंधरा-पंधरा, ३३ ला वीस-वीस. म्हणजे स्क्रूचं खरं काम लांबीचा तोल राखणं हे आहे. जाहिरातीत मात्र 'आजच्या ग्रीनप्रमाणे तुमचं वजन निवडा' असं असतं, आणि आपण पाना घेऊन दर रविवारी निवडत बसतो.

पान्यावरून आठवलं. येरवड्यालाच, तिसऱ्या होलनंतर माझे तीनही पट अपुरे राहिले होते. मी पिशवीतून पाना काढला आणि ग्रीनच्या कडेला बसून वजन उपटायला लागले. भाऊजी असे धावले की मला वाटलं साप निघाला. फेरी चालू असताना वजन बदलून त्या पटरनं एक जरी फटका मारला, तरी खेळाडू बाद. नियम ४.१अ. बदललंच असेल तर फटका मारायच्या आधी होतं तसं परत करावं, एवढी मोकळीक २०१९ पासून नियमांत आहे. आम्ही चौघं मैत्रीनं खेळत होतो, कुणी बाद करणारं नव्हतं. पण भाऊजींनी ते वजन स्वतःच्या हातानं परत बसवलं आणि पाना त्यांच्या खिशात गेला तो सोलापूरच्या गाडीत बसेपर्यंत बाहेर आला नाही. शिशाची पट्टी चिकटवणं-काढणंही फेरीत चालत नाही. आधी चिकटवून या, हरकत नाही.

आता तक्रार. फेब्रुवारीत पाचव्या होलवर पटरचा आवाज बदलला, 'टक्'च्या जागी 'टर्र'. उलटा केला तर टाचेकडचं वीसचं वजन गायब. स्क्रू सैल होत आलेला, मी बघितलं नव्हतं. पिशवी वाहणारा पोरगा कॅडी आणि मी, दोघं गवतात शोधत बसलो, मागची मंडळी खोळंबली. मिळालं नाही. कंपनीला लिहिलं. आधी बिल मागितलं, मग फोटो मागितला, मग दुसऱ्या कोनातून फोटो मागितला, मग सात आठवडे कुणाचा पत्ता नाही. सुटं वजन भारतात ठेवत नाहीत म्हणे. एवढ्या किमतीची वस्तू विकायची आणि तिचा स्क्रू ठेवायचा नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. आम्ही धोट्याचा सुटा भागसुद्धा सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळपर्यंत मिळवतो.

शेवटी अण्णा. उरलेलं वजन नमुन्याला घेतलं, ओळखीच्या लेथवर पितळेचं कांडकं चढवलं. आटे इंचातले निघाले, त्यासाठी डाय शोधण्यात एक दिवस गेला. पितळ पोलादापेक्षा जरा जड, म्हणून तेवढ्याच मापाचं वजन २१.६ ग्रॅम भरलं. मग खालून ड्रिलनं थोडं थोडं कोरत १९.९ वर आणलं, काट्याशेजारी उभं राहून, मेथीची जुडी घासाघीस करून घेतात तसं. धाकट्यानं सांगितलं की याच मापाचं वजन ॲल्युमिनियमचं केलं तर सात ग्रॅमच्या आत आणि टंगस्टनचं केलं तर जवळपास पन्नास. वेगवेगळ्या जोड्या एकाच भोकात बसतात त्या अशा धातू बदलून, नाहीतर माझ्यासारख्या आतून पोकळ करून. आता माझ्या पटरला एक डोळा रुपेरी, एक पिवळा. स्क्रूच्या आट्यांवर अण्णांनी कसलासा निळा गोंद लावला, तेव्हापासून हलला नाही.

बाकीचं पटापट. तोंडाचं मिलिंग (यंत्रावरचं कोरीव काम) सुरेख, आवाज मऊ. रंग दोन ठिकाणी उडाला. कव्हरला चुंबक आहे आणि ते कारखान्यात ठेवलं की लोखंडाचा कीस गोळा करतं, म्हणून मी ते टॉवेलात गुंडाळून ठेवते. पाना 'टक' आवाज करून पुरेसं आवळल्याचं सांगतो, ते छान. फक्त तो आवाज महिन्यातून एकदा ऐकावा लागतो, हे डबीवर लिहायला हवं होतं.

घ्यावा का? तुम्ही बुटके असाल किंवा फार उंच असाल, दांडी कापणार किंवा वाढवणार असाल, तर हो, स्क्रूवाला घ्या, कापल्यावर वजन कसं भरून काढायचं हा प्रश्न सुटतो. पण त्यासाठी साडेएकतीस हजारच लागतात असं नाही. माझ्या मैत्रिणीचा जुना, विनास्क्रूचा पटर आम्ही असाच कापला आणि तळाला शिशाची चिकटपट्टी लावली. अर्धा इंच रुंदीची चार इंच पट्टी साधारण दोन ग्रॅम भरते, थरावर थर देऊन सोळा ग्रॅम चढवले. गुंडाळी साडेचारशेची. दिसायला तो पटर पंक्चर काढलेल्या ट्यूबसारखा दिसतो. पट तिचे माझ्यापेक्षा जास्त पडतात, पण ते आधीपासूनच. आणि ३४ इंच तुम्हाला नीट बसत असेल, हाताला वजन पटत असेल, तर जादा पैसे मोजू नका. दुकानात गेलात तर आधी लांबी बघा, दोन-चार पट मारा, मग वजनाचं बोला. विकणारा उलट क्रमानं बोलेल.

मी माझा विकणार नाही. वीस-वीस लावलेत, पाना कपाटात वरच्या फळीवर आहे, आणि नोव्हेंबरपासून जोडी बदललेली नाही. पंधराची जोडी, ती पाऊण ग्रॅमवाली, टेबलावर मालाची चलनं उडू नयेत म्हणून ठेवली आहे. दहाची जोडी बरेच दिवस सापडत नव्हती. परवा सहा नंबरच्या मागाच्या मागं गेले तर बीमपासून सुटलेल्या दोन धाग्यांना ताण राहावा म्हणून अण्णांनी ती खाली लटकवली होती. नेहमी तिथं जुना नट असतो. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "अक्का, नटापेक्षा हे बरं हाय. दोन्ही बरोबर दहा भरतात."